सांकवाळ ते हार्वर्ड : आचार्य धर्मानंद कोसंबी



आज आपल्या घरातला दुसरी-तिसरीतला पोरगासुद्धा त्रिसरण आणि पंचशील पालीत घडाघडा म्हणतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी ना कोणी पाली विषय घेतलेला असतो. आपल्याला त्याचं काही विशेष वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी परिस्थिती काय होती ते बघा. 1901 साली कलकत्ता विद्यापीठात सतीशचंद्र विद्याभूषण पाली घेऊन एम. ए. च्या परीक्षेला बसले. त्यांचे पेपर तपासायला अख्ख्या हिंदुस्थानात परीक्षक मिळेना. शेवटी ते पेपर लंडनला ऱ्हीस डेव्हिड्स यांच्याकडे पाठवावे लागले. ज्या भूमीत भगवंतांनी पंचेचाळीस वर्षं पायी फिरून धम्म सांगितला, त्या भूमीत पालीचे पेपर तपासणारा माणूस नव्हता!

ही उणीव ज्या थोड्या माणसांनी भरून काढली त्यांत आचार्य धर्मानंद कोसंबी यांचं नाव फार वर आहे. त्यांचे 'भगवान बुद्ध' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. पण पुस्तकं लिहिणं हे त्यांच्या कामाचं एक अंग झालं. लंका, ब्रह्मदेश, कलकत्ता, पुणे, अमेरिका, रशिया अशा ठिकाणच्या विद्यास्थानांना त्यांनी पालीच्या धाग्याने एकमेकांशी जोडलं. हल्ली कॉलेजांच्या माहितीपत्रकात परदेशी विद्यापीठांशी झालेल्या करारांचे फोटो मोठ्या अक्षरांत छापतात. कोसंबींच्या काळी असा करारही नव्हता आणि फोटोही नव्हता. एक वळकटी आणि जिद्द, एवढंच भांडवल.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातल्या सांकवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. घरची नारळाची बागायत होती. शाळा अशी फारशी मिळालीच नाही. इंग्रजी शिक्षण तर नाहीच. पुढे हार्वर्डसारख्या विद्यापीठात काम करणाऱ्या या माणसाकडे कुठल्याही कॉलेजची पदवी नव्हती, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. लग्न लहानपणीच झालं. पत्नीचं नाव बाळाबाई. संसारात मन रमेना, वाचायला पुस्तकं मिळेनात. अशात 1897 साली 'बालबोध' मासिकात भगवान बुद्धांवरचा लेख त्यांच्या हाती पडला. त्या लेखाने त्यांना असं काही झपाटलं की बुद्धाचा धर्म मुळापासून शिकायचा, मग त्यासाठी मरण आलं तरी बेहत्तर, असं त्यांनी ठरवून टाकलं.

1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. बाळाबाई मागे राहिल्या. चरित्रं लिहिताना आपण अशा जागी पटकन पुढे सरकतो. पण माता रमाईंनी काय सोसलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्या आपल्या माताभगिनींना या रिकाम्या घराची कळ वेगळी समजावून सांगायला नको. धर्मानंदांच्या विद्येची निम्मी किंमत बाळाबाईंनी भरली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्याला येऊन त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट घेतली. संस्कृत आल्याशिवाय पुढचं काही साधणार नाही हे कळल्यावर ते काशीला गेले. अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे बसून संस्कृत शिकायचं, असे दिवस काढले. तिथून 1902 साली नेपाळ गाठलं. बुद्धाचा जन्म त्या बाजूचा, तेव्हा तिथे धम्म जिवंत असेल ही आशा होती. तिथे जे पाहिलं त्याने निराशाच पदरी आली. मग बुद्धगया, कलकत्ता आणि तिथून थेट सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात त्या वेळी हिक्कडुवे सुमंगल महास्थविर हे प्रधान आचार्य होते. 1873 साली त्यांनीच ते विद्यालय स्थापन केलेलं. जुन्या नालंदेसारखी तिथे देशोदेशीची माणसं शिकायला येत. कोसंबी तिथे श्रामणेर झाले, सिंहली लिपी शिकले आणि पाली ग्रंथ वाचू लागले. संस्कृत झालेलं असल्यामुळे पाली भराभर उमगत गेली. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्खू झाले, ब्रह्मी लिपीतलं त्रिपिटक वाचलं, ध्यानाचा अभ्यास केला. यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. त्या काळी पाली ग्रंथ सिंहली लिपीत होते, ब्रह्मी लिपीत होते, सयामी लिपीत होते, आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने काढलेले रोमन लिपीत होते. पण आपल्या देवनागरीत ते वाचायला मिळणं दुरापास्त होतं. म्हणजे बुद्धवचन जगभर फिरून आलं, पण घरच्याच माणसाला वाचता येईना. कोसंबींच्या जन्मभराच्या धडपडीचं मूळ इथे आहे.

1906 साली ते कलकत्त्याला आले. वंगभंगाच्या चळवळीचा तो काळ. नवीनच निघालेल्या नॅशनल कॉलेजात पाली शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. शिकवायचं तर गृहस्थ म्हणून राहणं बरं, म्हणून त्यांनी चीवर उतरवलं. त्याच सुमारास कलकत्ता विद्यापीठाच्या कुलगुरुपदावर सर आशुतोष मुखर्जी आले. हा मोठा दूरदृष्टीचा माणूस. विद्यापीठ म्हणजे नुसता परीक्षा घेण्याचा कारखाना नव्हे, तिथे जगातली विद्या आली पाहिजे आणि इथली विद्या जगात गेली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी पालीच्या वरच्या शिक्षणाची सोय केली आणि पदवी-बिदवी न बघता कोसंबींना शिकवायला नेमलं. पुढे याच विद्यापीठातून विद्याभूषणही लंकेला जाऊन सुमंगल महास्थविरांकडे शिकून आले. आशुतोष मुखर्जी नंतर बरीच वर्षं महाबोधी सोसायटीचे अध्यक्षही होते.

कलकत्त्याला मान होता, पगार होता. पण कोसंबींना ओढ होती महाराष्ट्राची. आपल्या माणसांना आपल्या भाषेत बुद्ध सांगायचा होता. 1908 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ती अडचण सोडवली. महाराष्ट्रात कुठल्याही गावी राहा, दरमहा पन्नास रुपये मिळतील, तीन वर्षं मिळतील, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या, एवढीच अट. कोसंबींनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि पन्नास रुपयांवर समाधान मानलं. बुद्ध, धर्म आणि संघ या विषयावरची त्यांची व्याख्याने 1910 साली पुस्तकरूपाने निघाली, ती याच काळातली. आणि याच सयाजीरावांनी 1913 साली साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. राजे पुष्कळ झाले. पण पैसा कोणाच्या हाती द्यावा हे कळणारे राजे थोडे.

मुंबईत असताना एक अमेरिकन गृहस्थ त्यांच्याकडे पाली शिकायला आले. हे हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स. गोऱ्या प्रोफेसराने हिंदी माणसाच्या खोलीवर येऊन विद्यार्थी म्हणून बसायचं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. वुड्सनी हार्वर्डला परत गेल्यावर कोसंबींची शिफारस केली, कारण तिथे एक काम अडून बसलं होतं.

ते काम होतं 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचं. बुद्धघोषाचार्यांनी पाचव्या शतकात लंकेतल्या अनुराधपूरच्या महाविहारात लिहिलेला हा ग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांवर त्याची सगळी उभारणी आहे. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने सिंहली आणि ब्रह्मी लिपीतल्या हस्तलिखितांवरून त्याचं संपादन सुरू केलं होतं. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने हा माणूस आयुष्यभर गांजलेला, तरी पालीची विलक्षण निष्ठा. 1899 साली तो वारला आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करायला दोन्ही लिप्या जाणणारा, पाली जगलेला माणूस हवा होता. तसा माणूस हार्वर्डमध्ये नव्हता. तो गोव्याच्या नारळाच्या बागेतून निघालेला होता.

1910 साली कोसंबी अमेरिकेला गेले. बोस्टनजवळच्या केंब्रिज गावात राहून त्यांनी काम सुरू केलं. ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन हे संस्कृतचे नामांकित पंडित. त्यांची विद्वत्ता कोणी नाकारत नाही. परंतु ग्रंथाचं श्रेय कोणाला द्यायचं, यावर दोघांचं फिसकटलं. मेहनत कोसंबींची, आणि संपादनाचं नाव मात्र भलत्याचं, हे त्यांना मान्य होईना. परक्या देशात, हातात पैसा नाही, पाठीशी सरकार नाही, पदवी नाही. दुसरा कोणी असता तर मान खाली घालून पगार घेत राहिला असता. कोसंबींनी काम अर्धवट सोडलं आणि 1912 साली सरळ मायदेशी परत आले.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. परदेशी विद्यापीठांशी देवाणघेवाण असं आपण सहज म्हणतो. पण देवाण कोणाची आणि घेवाण कोणाची, हा प्रश्न तेव्हाही होता. पूर्वेकडच्या माणसाने हस्तलिखितं वाचून द्यायची, अर्थ लावून द्यायचा, आणि पहिल्या पानावर नाव मात्र दुसऱ्याचं छापायचं, अशी वहिवाट पडलेली होती. ज्यांच्या बापजाद्यांच्या कष्टावर गावगाड्याने आपलं नाव कोरलं, त्या आपल्या समाजाला हा प्रकार नवा नाही. म्हणूनच 1912 चं ते परत येणं मला त्यांच्या चार पुस्तकांपेक्षा मोठं वाटतं.

परत आल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पालीचे प्राध्यापक झाले. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळावी म्हणून त्यांनी आणि डॉ. भांडारकरांनी आधीपासूनच खटपट चालवली होती. ती फळाला आली होती. संसारही आता पुण्यात एकत्र आला. 1912 ते 1918 ही सहा वर्षं त्यांनी शिकवलं, आणि या सहा वर्षांतलं पीक बघितलं तर थक्क व्हायला होतं. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे त्यांचे विद्यार्थी. राजवाड्यांनी दीघनिकायाचं मराठी भाषांतर केलं. भागवतांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पाली शिकवली, आणि मुंबई विद्यापीठातर्फे पाली ग्रंथ देवनागरीत छापून काढले. आणि बापट? ते गुरूच्या वाटेने हार्वर्डला गेले, 1932 साली तिथली डॉक्टरेट घेऊन आले, चिनी आणि तिबेटी भाषा शिकले. 1956 साली बुद्धाच्या 2500 व्या वर्षानिमित्त भारत सरकारने जो मोठा ग्रंथ काढला त्याचे संपादक बापटच होते. गुरूला पदवी नव्हती. शिष्य त्याच विद्यापीठाचा डॉक्टर झाला.

1918 साली वुड्सनी पुन्हा बोलावलं. या खेपेला कोसंबी माणिक आणि दामोदर या दोन मुलांना बरोबर घेऊन गेले. चार वर्षं तिथे काढली. मुलीलाही तिथेच कॉलेजचं शिक्षण दिलं, हे त्या काळाच्या मानाने मोठंच धाडस. दामोदर पुढे हार्वर्डचा उत्तम पदवीधर झाला. गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी म्हणून जग त्यांना ओळखतं. अमेरिकेतली शिक्षणाची सोय कोसंबींना भावली, पण तिथली संपत्ती आणि तिथलं मजुरांचं जिणं त्यांनी डोळसपणे पाहिलं. समाजवादाचे विचार त्यांनी वाचले आणि ते बुद्धाच्या करुणेशी ताडून बघायची त्यांना सवय लागली.

1922 साली परत आल्यावर ते अहमदाबादला गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात गेले. तिथल्या पुरातत्त्व मंदिरात तीन वर्षं काम केलं. 1926 साली तिसऱ्यांदा हार्वर्ड. त्या वर्षी लॅनमन निवृत्त झाले आणि 'विसुद्धिमग्गा'चं संपादन कोसंबींनी एकदाचं पुरं केलं. ज्या कामाला 1910 साली हात घातला ते सतरा वर्षांनी हातावेगळं झालं. 1931-32 मध्ये ते चौथ्यांदाही तिथे जाऊन आले.

मधेच एक रशियाची फेरी झाली. लेनिनग्राडला श्चेर्बात्स्की या थोर पंडिताने बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था उभी केली होती. तिथे पाली शिकवण्यासाठी कोसंबी 1929 साली गेले. क्रांती होऊन बाराच वर्षं झालेला तो देश. एका बाजूला देवधर्म नको म्हणणारं सरकार, दुसऱ्या बाजूला बौद्ध ग्रंथांचा इतका कसून अभ्यास! कोसंबींना तिथलं बरंच काही आवडलं. पण थंडी सोसवेना. 1930 साली ते परतले आणि थेट मिठाच्या सत्याग्रहात उतरले. शिरोड्याच्या सत्याग्रहासाठी स्वयंसेवक जमवले, तुरुंगात गेले. लेनिनग्राडचा प्राध्यापक काही महिन्यांत ठाण्याचा कैदी!

उत्तर आयुष्यात ते काशीला राहिले, लिहीत राहिले. 1937 साली मुंबईत परळला बहुजन विहार उभा राहिला. जुगलकिशोर बिर्लांनी त्यासाठी पैसा दिला होता. गिरणी कामगार आणि दलित वस्ती यांच्यामध्ये राहून काम करावं ही कोसंबींची इच्छा होती. हार्वर्डचं ग्रंथालय पाहिलेला माणूस परळच्या चाळींमध्ये येऊन बसला. पण 1939 साली त्यांनी तो विहार सोडला. 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' या 1935 च्या पुस्तकात त्यांनी वैदिक परंपरेवर सडेतोड लिहिलं होतं, आणि देणगीदाराच्या छायेत राहून असं मोकळं लिहिणं त्यांच्या स्वभावाला जमण्यासारखं नव्हतं. लॅनमनसमोर जी मान वाकली नाही ती इथेही वाकली नाही.

1940-41 साली 'भगवान बुद्ध' दोन भागांत निघालं. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा कोसंबींना पटत नव्हती. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नाही, हे कसं खरं मानायचं? शाक्य आणि कोलियांच्या भांडणाकडे, शस्त्रं उगारलेल्या माणसांकडे त्यांनी बोट दाखवलं. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही चार दृश्यांची कथा नाकारून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे मांडला, हे आपण विहारात ग्रंथवाचनाच्या वेळी ऐकलेलंच आहे. दोघांचे रस्ते वेगळे, दोघांच्या आयुष्याचे चटके वेगळे. बाबासाहेबांनी धम्म लाखोंच्या जीवनात आणला, ते काम कोसंबींचं नव्हतं आणि त्यांच्याकडून होणारही नव्हतं. पण मूळ पालीकडे जाऊन तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, ही शिस्त दोघांचीही.

आणि ती देवनागरीची गोष्ट राहिली. हार्वर्डचं संपादन रोमन लिपीत व्हायचं होतं. ते छापायला इतकी वर्षं लागली की कोसंबींनी वाट बघणं सोडलं. 1940 साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे त्यांनी देवनागरीत 'विसुद्धिमग्ग' छापून काढला. त्यावर स्वतः पालीत दीपिका लिहिली, ती 1943 साली सारनाथच्या महाबोधी सोसायटीने प्रसिद्ध केली. आता काशीचा, पुण्याचा, नागपूरचा विद्यार्थी कोणाच्या मध्यस्थीवाचून तो ग्रंथ उघडू शकत होता.

शेवटी शरीर थकलं. मधुमेह आणि अंगाच्या खाजेने ते हैराण झाले. दुसऱ्यांना आपलं ओझं नको म्हणून त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. एकदा गांधीजींच्या सांगण्यावरून थांबले. पण 1947 च्या मे महिन्यात सेवाग्रामला त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला आणि 4 जून 1947 रोजी शांतपणे देह ठेवला. या मरणाबद्दल धम्माच्या दृष्टीने मतभेद होऊ शकतात, माझ्याही मनात आहेत. पण ज्या शांतीने ते गेले त्याबद्दल तिथे असलेल्या कोणाचं दुमत नव्हतं. आपल्या मागे पालीच्या अभ्यासासाठी इथल्या विद्यार्थ्यांना लंकेला पाठवावं, असं त्यांच्या मनात होतं. स्वतः पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या दारात उभे राहिले होते, तिथेच.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. बातमी आली तेव्हा आपल्या वस्तीत पेढे वाटले गेले.

हार्वर्डचा 'विसुद्धिमग्ग' अखेर 1950 साली छापून बाहेर पडला. त्याच्या पहिल्या पानावर संपादक म्हणून वॉरन यांचं नाव आहे, आणि त्याखाली, पुन्हा तपासून शुद्ध करणारे म्हणून, धर्मानंद कोसंबी असं नाव आहे. ते बघायला कोसंबी नव्हते. त्यांना जाऊन तोवर तीन वर्षं होत आली होती.